एक हजार सत्तरावा भागाकार

हुपरी
रविवार, १२ ऑक्टोबर २०२५

आदरणीय स्वप्नालीताई यांना,
संघप्रियाचा सप्रेम जय भीम.

तुमचा फोन तीन येळा आला आणि तिन्ही येळा मी "हं" एवढंच म्हणलं. तुम्हाला वाटलं असंल, पोरगीला लई गर्व हाय. गर्व न्हाय. मला फोनवर बोलायला येत न्हाय. समोर बी येत न्हाय. एका प्रसेनजीतदादाशीच तेवढं बोलायची मी, आणि येत्या मंगळवारी त्येला जाऊन दोन महिने हुतील. म्हणून हे पत्र.

घरी सगळी बरी हायत. आबा परत कामाला बसाय लागलेत. दिवाळी तोंडावर आली, पैंजणाच्या ऑर्डरी लई हायत. मी आणि आई दिवसभर पैंजणाला घुंगरं जोडतो. शेजारची चिमणामावशी मदतीला येती. ती बोलती, आम्ही ऐकतो. तुमच्या शिवाजी पेठेत कसं हाय? दादा म्हणायचा, "आमच्या क्लासात एक पेठेतली पोरगी हाय, गणित चुकलं तर सरांशी भांडून बरोबर करून घेती." मला तवाच कळलं हुतं की त्यो तुमच्याविषयी जरा जास्तीच बोलतोय.

तुम्ही म्हणला, तीस नोव्हेंबरला दादाचा वाढदिवस, त्या दिवशी राजारामपुरीच्या क्लासात सगळी जमणार, सर त्येचा त्यो आठ आकडी नंबर फळ्यावर लिहिणार आणि भागाकाराची वही सगळ्यास्नी दाखवायची. मी बी यायचं आणि दोन शब्द बोलायचे.

ताई, ते दोन शब्द मला जमायचे न्हाईत. आणि वही बी देता यायची न्हाय. वही भिजली. ऑगस्टात पत्र्यातनं पाणी गळलं आणि ट्रंकेतली वही भिजली, शाई पसरली, काय वाचाय येत न्हाय. राग मानू नका.

तुमच्या आईस्नी नमस्कार सांगा.

आपली,
संघप्रिया

ता. क. परत फोन करू नका असं न्हाय. केला तर मी ऐकते.


हुपरी
रविवार, २ नोव्हेंबर २०२५

स्वप्नालीताईस,
जय भीम.

तुझं पत्र मिळालं. आमच्या घरात बँकेची सोडून टपालानं काय येत न्हाय, म्हणून पोस्टमननं पाकीट दोन येळा उलटंपालटं करून बघितलं. तू लिहिलंयस, "भिजली असली तर पंख्याखाली वाळवू, पान न् पान इस्त्री करू, पण दे. आणि मला तुम्ही म्हणू नको, मी काय तुझी मास्तरीण न्हाय." म्हणून आता तू म्हणते.

वही भिजली न्हाय. ते पयलं सांगते. वही कोरडी हाय, ट्रंकेतच हाय, वर दादाचा मफलर ठेवलाय. पत्रा गळला हे खरं, पण पाणी चुलीकडं आलतं. मी खोटं बोलले. का बोलले ते विचारू नको, दुसरं सगळं सांगते.

मी नववीतनं शाळा सोडली हे तुला दादानं सांगितलं असंल. कारण सांगितलं नसंल. गणिताच्या तासाला सरांनी मला उभं केलं आणि अठराचा पाढा म्हणायला सांगितला. मला येत हुता ताई. अठ्ठावीसचा बी येत हुता. पण आवाजच निघना. सर म्हणले, "ही बाहुली चावी दिल्याशिवाय बोलत न्हाय वाटतं." वर्ग हसला. दुसऱ्या दिवशी मी गेले न्हाय. तिसऱ्या दिवशी बी न्हाय. घरात काम हुतंच, आई म्हणली, "बस हितं, घुंगरं जोड." झाली शाळा.

दादा तवा कोल्हापुरात शिकायला हुता. रविवारी आला. मला वाटलं वरडंल. त्येनं काय केलं, घुंगरांचा डबा घेतला आणि ताटात बारा घुंगरं वतली.

"ह्येच्या सारख्या ओळी लाव."

मी चारच्या तीन ओळी लावल्या. त्येनं अजून एक टाकलं. तेरा झाली.

"आता लाव."

"हुईनात. एक उरतंय सारखं."

"पाच-पाचच्या लाव."

"मग तीन उरत्यात."

"बघ की. कसं बी लाव, काय तरी उरतंयच. ह्येला मूळ संख्या म्हणत्यात. ही फुटत न्हाय, प्रिया. आणि ह्येच्यासाठी तुला कुणाम्होरं तोंड उघडायची गरज न्हाय."

तवापासनं दर रविवारी माझी शाळा ताटात भरायची. चिमणामावशी म्हणायची, "पोरगी पैंजण जोडतीया का परीक्षा देतीया?" आई म्हणायची, "त्या आकड्यांनी काय भाकरी थापायची हाय?" आबा काय म्हणायचे न्हाईत, फक्त घुंगरं परत डब्यात गेली का ते बघायचे. चांदी हाय ना.

त्यो मोठा नंबर दादानं ह्याच वर्षी आणला. फेब्रुवारीत, रिपोर्ट आला त्या आठवड्यात. रक्ताचा आजार निघाला आणि त्येला दवाखान्यात दाखल केलं. मी पलंगाशेजारी बसून रडत हुते. त्येनं माझ्या हातात कागद दिला. त्येच्यावर ७३९३९१३३ लिहिलं हुतं. सात कोटी एकोणचाळीस लाख एकोणचाळीस हजार एकशे तेहतीस.

"ही मूळ संख्या हाय," म्हणला. "पण साधी न्हाय. मागनं एक आकडा काढ. ७३९३९१३ उरलं, त्ये बी मूळ. अजून एक काढ, ७३९३९१. त्ये बी मूळ. असं करत करत ७३९, ७३, शेवटी नुसता ७. एक बी फुटत न्हाय."

"आणि मागं वाढवला तर?"

"मागं कुठला बी आकडा लाव, फुटतंय. आठ आकड्यांवर ह्येचं संपलं. असल्या जातीचा ह्येच्यापेक्षा मोठा नंबर न्हाय, सिद्ध झालंय ते."

पुढं पुढं केस गेले, वजन गेलं, तवा त्यो ह्याच नंबरावरनं मला हसवायचा. "मागनं एकेक आकडा जातोय गं. पण उरलोय त्यो मूळचाच हाय."

मी म्हणलं, फुटत न्हाय हे तुला कोण म्हणलं? "कॉम्प्युटर म्हणतोय. पण तू कॉम्प्युटरवर विश्वास ठेवू नको, स्वतः कर." मग त्येनं समजावलं. नंबर फुटला तर दोन तुकडे हुणार. ८५९९ ला ८५९९ नंच गुणलं की आपल्या नंबराच्या पुढं जातंय, मग दोन्ही मोठे कसे असतील? एक तरी ८५९८ च्या आतला असणारच. म्हणून तिथपर्यंतच्या सगळ्या मूळ संख्यांनी भागायचं. कुठंच बाकी शून्य आली न्हाय, तर नंबर पक्का. त्येनं यादी छापून आणलीच हुती. दोनपासनं ८५९७ पर्यंत, एक हजार सत्तर संख्या. म्हणजे एक हजार सत्तर भागाकार. रोज पाच.

"वही पुरी झाली की मी घरी येतो," म्हणला. ह्ये त्येनं सहज म्हणलं का ठरवून, मला ठाऊक न्हाय. मी मातर ठरवून धरलं.

वीस फेब्रुवारीला सुरू केलं. एक दिवस चुकवला न्हाय. चौदा एप्रिलला सुद्धा, मिरवणुकीला जायच्या आधी पाच केले. रोज संध्याकाळी सहाला त्यो फोन करायचा. मी सांगायची, कितीनं भागलं आणि बाकी किती. त्यो गप बसायचा, तोंडातल्या तोंडात गणित करायचा, मग म्हणायचा "बरोबर". न्हायतर "परत". परत म्हणला की चुकलंच असायचं. एकूण अकरा येळा परत आलं. फोनवर मी एवढी बोलते हे बघून आईला नवल वाटायचं. पण मी आकडेच बोलत हुते की. आकडे बोलायला मला लाज वाटायची न्हाय.

आणखी एक सांगायचं राहिलंय. जुलैत तू दवाखान्यात आलतीस. आत एकालाच सोडत हुते, तोंडाला मास्क, अंगात त्यो हिरवा झगा. मी झगा घालून दारात उभी हुते. तू म्हणलीस, "पाच मिनिटं मला जाऊ दे की." मी नकाराची मान हलवली आणि आत गेले. तू खाली गेटजवळ किती येळ उभी हुतीस ते मी खिडकीतनं बघितलं. दादाला सांगितलं न्हाय. ती पाच मिनिटं मी तुला देणं लागते, आणि ती आता कुठनं आणू.

वही देते. पण शेवटचं पान फाडून देईन. चालंल का कळव.

तुझी,
संघप्रिया


हुपरी
सोमवार, २४ नोव्हेंबर २०२५

प्रिय स्वप्नालीताई,
जय भीम.

तुझं एका ओळीचं कार्ड आलं. "पान फाडलंस तर मी हुपरीला येऊन भांडीन." पेठेची शोभतीस.

पान फाडलं न्हाय. ह्या पाकिटात वही आख्खी हाय. आता ते पान कशाला फाडणार हुते ते सांगते. तीनदा लिहून चुरगाळलं, हे चौथं हाय. आई म्हणली, "एवढे कागद कुणाला लिवतीस गं?" मी म्हणलं, दादाच्या मैत्रिणीला. ती म्हणली, "तिला म्हणावं येऊन जा एकदा. जेवायला ये म्हणावं."

दहा ऑगस्टचं सांगायचं हाय. रविवार हुता. मी सकाळच्या बसनं दवाखान्यात गेलते, वही घेऊन. बसमधी तीन भागाकार झाले, त्या दिवशीचे दोन राहिले. जिन्यापाशी बघते तर आबा डॉक्टरांशी बोलत हुते. आबांनी पायातली चप्पल काढून हातात धरलीवती. दवाखान्यात सगळी चप्पल घालूनच फिरत्यात, तिथं कुणी काढा म्हणत न्हाय. आबा गावात मोठ्या माणसांम्होरं कधी चप्पल काढून उभे राहिले न्हाईत, त्येंच्या बापानं काढली म्हणून त्येंनी मुद्दाम न्हाय काढली. आणि हितं त्या डॉक्टराम्होरं काढून उभे हुते. डॉक्टर म्हणत हुते, "घरी नेलं तरी चालेल आता." मला पुढचं ऐकायची गरज पडली न्हाय.

मी झगा घातला आणि आत गेले.

दादा जागा हुता. आवाज लई बारीक झालता.

"आज किती?" म्हणला.

वहीत त्या दिवसापर्यंत आठशे अठ्ठावन्न झालते. दोनशे बारा राहिले हुते. रोजच्या पाचनं अजून त्रेचाळीस दिवस. डॉक्टरांच्या बोलण्यात त्रेचाळीस दिवस नव्हते ताई.

मी म्हणलं, "झाले."

"पाच?"

"सगळे. एक हजार सत्तर."

त्येनं मान वळवून माझ्याकडं बघितलं. "ते कसं काय?"

"तुला न सांगता रोज जास्तीचं करत हुते. गंमत म्हणून."

"अगं चोरटे. मग? फुटला का?"

"न्हाय फुटला."

"शेवटचा कितीनं?"

"आठ हजार पाचशे सत्त्याण्णव." यादी मला पाठ हुती.

"बाकी?"

हे मी ठरवलंच नव्हतं. एकशे एकाहत्तर दिवस त्येनं हेच विचारलं हुतं आणि मला त्येचाच इसर पडला. शाळेत झालं तसंच झालं. मग तोंडातनं "सात" निघालं. का सात, मला ठाऊक न्हाय. त्या नंबरातला शेवटी उरतो त्यो सात.

त्येनं डोळं मिटलं. ओठ हलाय लागले. गणित करताना हलायचे तसेच, तू बघितले असतील वर्गात. मी पलंगाची दांडी धरून उभी हुते. मनात म्हणत हुते, आता 'परत' म्हणंल. म्हण की परत. एकदा 'परत' म्हणलास की मी खोटं कबूल करते, घरी जाऊन रातंदिवस भागाकार करते, तू थांब तेवढं.

त्येनं डोळं उघडलं.

"बरोबर," म्हणला. "लिही वहीत."

मी त्येच्याम्होरं शेवटच्या पानावर लिहिलं. ८५९७, बाकी ७. अक्षर कसं आलंय ते बघशीलच.

"चला," म्हणला. "वही पुरी झाली. आता घरी."

दुसऱ्या दिवशी घरी आणला. गाडीत माझा हात धरून त्यो नंबर म्हणत हुता, मागनं एकेक आकडा काढत. ७३९३ पर्यंत आला आणि झोप लागली. घरात तीन दिवस हुता. आईच्या हातचं दोन चमचे आंबील प्याला. घुंगरांचा डबा उशाशी मागून घेतला. चौदा तारखेला सकाळी गेला.

सगळी म्हणली, पोराची इच्छा पुरी झाली, घरी आला. तू बी फोनवर म्हणलीस, "त्येची वही तरी पुरी झाली गं, सगळ्यास्नी सांगायला पाहिजे." ते ऐकून माझा जीव गेला. मधली पानं कोरी. दोनशे बारा भागाकार झालेच न्हाईत आणि शेवटच्या पानावर खोटा आकडा. क्लासातल्या हुशार पोरास्नी ही वही दाखवली असती तर कुणीतरी म्हणलं असतं, प्रसेनजीतच्या भणीनं त्येला फसवलं. आणि ते खरंच हाय की. म्हणून पाण्याचं खोटं, म्हणून पान फाडायचं.

तुझ्या तिसऱ्या फोनानंतर मी तुला पयलं पत्र टाकलं, आणि दुसऱ्या दिवशी वही उघडली. तेरा ऑक्टोबरपासनं रोज पाच, पयल्यासारखेच. लक्ष्मीपूजनाला बी केले. सहा वाजता हातातलं काम ठेवायची आणि मनातल्या मनात आकडे सांगायची. पलीकडनं कोण 'परत' म्हणणार नव्हतं, म्हणून परतेक भागाकार दोनदा केला.

आज दोनच राहिलते. ८५८१ ला भाग ८६१६ गेला, बाकी ५२३७. मग ८५९७.

ताई, त्यो लिहायला घेतला आणि लिहायच्या आधीच उत्तर दिसलं. तू बी करून बघ. ८५९७ म्हणजे ८६०० ला तीन कमी. ८६०० नं गुणलं की ७,३९,३४,२००. आपल्या नंबरातनं वजा केलं की ४,९३३. संपलं. भाग ८६००, बाकी ४९३३. यादीतल्या मोठ्या आकड्यांत ह्येच्यापेक्षा सोपा मला कुठलाच लागला न्हाय. मला, नववी सोडलेल्या पोरीला, कागदाशिवाय जमला.

आणि दादाला जमला नसंल?

आठ-आठ, धा-धा मिनिटं गप बसून त्यो अवघड भागाकार तपासायचा. अकरा येळा माझी चूक पकडली. एकदा तर एकचा फरक हुता. त्येनं त्या दिवशी डोळं मिटलं तवा तिथं ४९३३ आलं असणार, झटक्यात आलं असणार, आणि त्येच्याम्होरं मी "सात" म्हणून उभी. त्येला कळलं. नुसतं बाकी चुकली एवढंच न्हाय, सगळंच कळलं. भागाकार झाले न्हाईत हे, मी जिन्यापाशी काय ऐकलं हे, आपल्याला घरी का नेणार हे.

एकशे एकाहत्तर दिवसांत त्येनं चुकीच्या उत्तराला एकदाच बरोबर म्हणलं.

मी सकाळी मोरीत जाऊन नळ सोडला आणि रडले. आई दारात उभी राहून म्हणली, "काय झालं गं?" मी म्हणलं, "दादाला ठाऊक हुतं." आईनं काय ठाऊक हुतं ते विचारलं न्हाय. नळ बंद केला आणि माझं तोंड पदरानं पुसलं.

म्हणून पान फाडत न्हाय. खोडत बी न्हाय. 'बाकी ७' तसंच ठेवलंय, त्येच्या खाली आजचं लिहिलंय, तारीख घालून. मधली पानं भरलीत, पण शाई दुसरी हाय, ती कळंल, कळू दे. तीस तारखेला वही दाखवताना खरं ते सांग. प्रसेनजीत हुता तवर आठशे अठ्ठावन्न झाले, दोनशे बारा त्येच्या माघारी झाले, आणि नंबर कुठंच फुटला न्हाय. मी येते. मागच्या बाकावर बसते. मला उभं करू नको, तेवढं सरांस्नी सांग. आणि वर्ग सुटल्यावर तू माझ्याबरोबर हुपरीला ये, आई वाट बघतीया.

आता एकच काम हाय. सहा वाजून गेलेत. वही मिटायच्या आधी कुणीतरी हा शेवटचा तपासायला पाहिजे, आणि मला आता दुसरं कोण न्हाय. तू तपास. चुकला असंल तर कार्डावर 'परत' लिही, मी परत करते, कितीदा बी करते. बरोबर असंल तर त्येनं म्हणलं असतं तेवढंच लिही. दुसरं काय लिहू नको.

८५९७ नं भागलं, भाग ८६००, बाकी ४९३३.

तुझ्या उत्तराची वाट बघत,
प्रसेनजीतची भण,
संघप्रिया